पंपावरचं नाव : रॉबर्ट बॉश

बॉश म्हटलं की आपल्याला ड्रिल मशीन आठवतं, नाहीतर गॅरेजमधला स्कॅनर. मलाही बॉश म्हणजे फक्त एक कंपनी वाटायची. सेमिनारसाठी फ्युएल इंजेक्शन हा विषय घेतला तेव्हा कळलं की या नावाचा एक माणूस होता, आणि इंजिनिअरिंगची डिग्री न घेताच तो आपल्या सिलॅबसमध्ये ठाण मांडून बसला आहे. (मी कॉन्व्हेंटमधली, त्यामुळे शुद्धलेखन सांभाळून घ्या.)

रॉबर्ट बॉश यांचा जन्म २३ सप्टेंबर १८६१ रोजी जर्मनीतल्या उल्मजवळच्या आल्बेक या खेड्यात झाला. वडिलांची खानावळ आणि शेती होती. बारा भावंडांत हे अकरावे. शाळेत मन रमेना, म्हणून मेकॅनिकच्या हाताखाली लावलं. तिथे मालक स्वतःच फारसा जागेवर नसायचा, तेव्हा शिकणार काय? पुढे १८८४ मध्ये ते अमेरिकेला गेले आणि एडिसनच्या कारखान्यात राबले. तिथल्या कामगार संघटनेचे सभासदही झाले. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

१५ नोव्हेंबर १८८६ ला स्टुटगार्टमध्ये त्यांनी छोटं वर्कशॉप काढलं. मदतीला एक मेकॅनिक आणि एक पोऱ्या. टेलिफोन, विजेची घंटा, जे काम येईल ते करायचं. पहिली काही वर्षं फार ओढाताणीची गेली. गिऱ्हाइकांकडे ते सायकलवरून जायचे.

नशीब उघडलं ते मॅग्नेटोमुळे. डॉइट्झ कंपनीच्या इंजिनावर ठिणगी पाडणारं एक यंत्र होतं, तसंच बनवून द्या अशी मागणी १८८७ मध्ये एका गिऱ्हाइकाने केली. बॉशनी आधी त्याचं पेटंट आहे का याची चौकशी केली, नाही म्हटल्यावर सुधारून बनवलं. म्हणजे मूळ कल्पना त्यांची नव्हतीच! पण ते संथ चालणाऱ्या इंजिनासाठी होतं. दहा वर्षांनी एका तीनचाकी मोटारीचं वेगवान इंजिन त्यांच्याकडे आलं. अख्खा जड आर्मेचर इतक्या वेगाने हलवणं शक्य नव्हतं. मग आर्मेचर स्थिर ठेवून भोवतीची हलकी नळी हलवायची युक्ती कारखान्यातल्या माणसांनी काढली. १९०२ मध्ये होनोल्ड या त्यांच्या इंजिनिअरने उच्च दाबाचा मॅग्नेटो आणि स्पार्क प्लग दिला, आणि बॉश हे नाव जगभर गेलं.

डिझेल इंजिन मात्र अजून अवघड जागी होतं. सुरुवातीच्या डिझेल इंजिनात इंधन दाबाच्या हवेने आत फेकायचे, त्यासाठी वेगळा कॉम्प्रेसर लागायचा. हे धूड ट्रकवर कसं बसणार? बॉशच्या कारखान्यात इंजेक्शन पंपावर काम सुरू झालं आणि १९२७ मध्ये तो पंप नियमित उत्पादनात आला. त्याच्या प्लंजरवर एक तिरकी खाच असते. प्लंजर थोडा फिरवला की इंधन कमी-जास्त होतं. बस्स, एवढंच. पण प्लंजर आणि बॅरलमधली फट काही मायक्रॉनची, म्हणून जोडी एकमेकांचीच लागते, दुसरीकडचा प्लंजर चालत नाही. आमच्याकडच्या जुन्या ट्रॅक्टरांवर हीच पद्धत आहे, आणि पंप बिघडला की मिस्त्री तो खोलून कारण हातात दाखवतो.

आता ते काम इसीएम करतो. मागच्या सोयाबीनच्या हंगामात आमच्या काकांचा पिकअप निलंग्याहून लातूरला माल नेताना चढावर ओढ सोडायचा. एका ठिकाणी न तपासताच मॉड्यूल बदला म्हणाले. काकांचा जीवच गेला, कारण तेवढ्यात दोन बॅगा नाही, अख्ख्या रानाचं बियाणं आलं असतं. गावातल्या मिस्त्रीने आधी बॅटरीचा व्होल्टेज, अर्थची वायर, फ्यूज, रिले आणि कनेक्टरच्या पिना पाहिल्या. कारण पिनेला गंज असला तरी मॉड्यूल मेल्यासारखंच वाटतं. सगळं ठीक निघालं, तेव्हाच बदलायचं ठरलं. पार्ट नंबर जुळवला, बॅटरीची निगेटिव्ह काढली, नवीन बसवला. गाडी तरीही सुरू होईना! सॉफ्टवेअर भरायचं, चावीची ओळख करून द्यायची, आणि प्रत्येक इंजेक्टरच्या डोक्यावर कोरलेला कोड त्याच क्रमाने टाकायचा, हे सगळं बाकी होतं. तो कोड म्हणजे त्या इंजेक्टरचा स्वभाव, प्लंजर-बॅरलच्या जोडीसारखाच. फरक एवढाच की इथे मिस्त्रीला काही खोलून दाखवता येत नाही. मला हे खटकतं.

बॉशकडे परत येऊ. १९०६ मध्ये त्यांनी कारखान्यात आठ तासांचा दिवस सुरू केला, तेव्हा हे फार कमी ठिकाणी होतं. जमिनीवर पडलेली क्लिप उचलून हे माझे पैसे आहेत असं बजावणारा मालक, अशीही त्यांची गोष्ट सांगतात. १९१३ मध्ये त्यांच्याच कामगारांनी संप केला. ते फार दुखावले आणि मालकांच्या संघटनेत गेले. एके काळचा युनियनवाला! मला यात कोणाची बाजू घ्यावी कळत नाही. १९२१ मध्ये तरुण मुलगा आजाराने गेला.

हिटलरच्या काळात त्यांनी ज्यूंना मदत केली आणि विरोधी गटातल्या गोएर्डेलर यांना कंपनीत आश्रय दिला. त्याच वेळी कारखाना लष्कराचा माल बनवत होता आणि युद्धात सक्तीने आणलेले हजारो मजूर तिथे राबत होते. आमच्या सेमिनारच्या स्लाइडवर पहिली गोष्टच टाकणं सोपं होतं, पण दोन्ही खऱ्या आहेत. १२ मार्च १९४२ ला ते वारले, तेव्हा त्याच राजवटीने त्यांना सरकारी इतमामाने निरोप दिला.

भारतात १९५१ मध्ये बंगळूरला मायको कंपनी निघाली, पुढे नाशिकलाही नोझल बनू लागले. नाशिकचे मित्र आजही मायको सर्कल म्हणतात. कंपनीचं नाव २००८ मध्ये बॉश झालं.

मूळ कंपनीतला बहुतांश हिस्सा आज त्यांच्या नावाच्या धर्मादाय संस्थेकडे आहे. तिच्याकडे स्टुटगार्टचं एक हॉस्पिटलही आहे. ते बॉशनी १९४० मध्ये सुरू केलं, तेही होमिओपॅथीचं, कारण त्यांचा तिच्यावर गाढ विश्वास होता. हे मी निलंग्याला आजीला सांगितलं, तर तिने लगेच साबुदाण्यासारख्या गोळ्यांची बाटली काढून माझ्यापुढे ठेवली.