काका बॅप्टिस्टा : शिक्षणाचे चीज करणारा विद्यार्थी

मूल कॉन्व्हेंटमध्ये घातले की आपण निर्धास्त होतो. इंग्रजी सुधारेल, टक्के चांगले पडतील, पुढे नोकरी लागेल. पण कॅथलिक शाळेतल्या शिक्षणाचे चीज कशाने होते, हे जोसेफ बॅप्टिस्टा यांच्या जीवनातून कळते.

१७ मार्च १८६४ रोजी मुंबईत माझगाव येथे त्यांचा जन्म झाला. तिथल्याच सेंट मेरीज शाळेत शिकून ते पुढे पुण्यात इंजिनीअर झाले. नंतर केंब्रिजला शिकून बॅरिस्टर होऊन परतले. सुखात राहण्याइतकी विद्या पदरी होती. ती त्यांनी लोकांसाठी वेचली. आपल्या रत्नागिरीत जन्मलेल्या लोकमान्य टिळकांचे ते निकटचे सहकारी झाले. एक कॅथलिक, दुसरे धर्मनिष्ठ हिंदू. पण धर्म त्यांच्या मैत्रीच्या आड आला नाही. १९१६ साली बेळगावात होमरूल लीग स्थापन झाली, तिचे अध्यक्षपद बॅप्टिस्टांकडे आले. १९२० साली ‘आयटक’ ही कामगार संघटना उभारण्यात ते पुढे होते. १९२५ साली ते मुंबई महापालिकेचे अध्यक्ष, म्हणजे आजच्या भाषेत महापौर झाले. लोक त्यांना प्रेमाने ‘काका’ म्हणत. १९३० साली त्यांचे निधन झाले. माझगावच्या टेकडीवरील उद्यानाला आज त्यांचे नाव आहे.

प्रिय पालकहो, आपली मुलेही शाळेत सर्व धर्मांच्या मुलांसोबत एकाच बाकावर बसतात. निकालाच्या दिवशी टक्के जरूर विचारू या. पण शेजारच्या मित्राचा अभ्यास अडला तेव्हा तू काय केलेस, हेही विचारू या.