काठी उचलण्याआधी

मागच्या उन्हाळ्यातली गोष्ट. झरी जामणीला आमचं जुनं कवेलूंचं घर आहे. रात्री अकराच्या सुमारास माळ्यावर धपकन काहीतरी पडलं. बॅटरी मारून पाहिलं, तर आडव्या मयालीवर दोन डोळे चमकले. मांजर म्हणावं तर अंगानं फार लांब, मुंगूस म्हणावं तर थोराड. आवाजानं शेजारीपाजारी जमा झाले. कुणी म्हणालं बिबट्याचं पिल्लू आहे, मागोमाग मादी येईल. कुणी म्हणालं हा तर मसण्याउद, पुरलेली मढी उकरणारा. बघता बघता चार जणांच्या हातात काठ्या आल्या.

त्या क्षणी मला एक चिमणी आठवली. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी, मुंबईच्या एका पोरानं छऱ्याच्या बंदुकीनं पाडलेली.

त्या पोराचं नाव सालिम अली. जन्म १२ नोव्हेंबर १८९६चा. आईवडिलांचं छत्र अगदी लहानपणीच हरपलं आणि खेतवाडीत मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांच्या घरी तो वाढला. पक्ष्यांवर प्रेम वगैरे काही नव्हतं. त्या काळच्या अनेक मुलांसारखा त्यालाही शिकारीचाच नाद होता. मामांनी दिलेल्या बंदुकीनं तो चिमण्या मारी. एक दिवस हातात आलेली चिमणी मात्र वेगळी निघाली. गळ्याशी पिवळा डाग. ही खायची की नाही, असा प्रश्न पडला आणि मुलगा मामांकडे गेला. मामांनाही सांगता येईना. पण त्यांनी मुलाला झिडकारलं नाही. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सचिव मिलार्ड यांच्या नावे चिठ्ठी देऊन त्याला धाडलं.

भीतभीतच तो गोऱ्या साहेबासमोर उभा राहिला. साहेबानं चिमणी ओळखली, पिवळ्या गळ्याची रानचिमणी म्हणून. मग कपाटांचे खण उघडून पेंढा भरलेले पक्षी एकेक करून दाखवले. एका मेलेल्या चिमणीपायी त्या मुलासमोर सारं आकाश उघडलं. मला वाटतं, त्या दिवशीचा मोठेपणा तिघांचा होता. विचारणाऱ्या मुलाचा, माहीत नाही हे कबूल करणाऱ्या मामांचा आणि वेळ देणाऱ्या साहेबाचा.

पुढचा रस्ता मात्र सोपा नव्हता. ब्रह्मदेशात तव्हॉयला घरच्या वोल्फ्रामच्या खाणीचा आणि लाकडाचा धंदा सांभाळायला ते गेले, पण जीव रमला तो तिथल्या जंगलात. १९१८ साली तहमीना यांच्याशी लग्न झालं. धंदा बुडाला. विद्यापीठाची पदवी नाही म्हणून सरकारी प्राणी सर्वेक्षण खात्यातली पक्षितज्ज्ञाची जागा हुकली. १९२६ साली मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये मार्गदर्शक व्याख्याता म्हणून नोकरी लागली. नंतर रजा घेऊन ते बर्लिनला गेले आणि प्रोफेसर स्ट्रेझमान यांच्या हाताखाली पक्षिशास्त्र शिकले. १९३० साली परत येऊन बघतात तो पैशाअभावी ती जागाच रद्द झालेली!

चाळिशीकडे झुकलेला बेकार माणूस. दुसरा कुणी असता तर खचला असता. हे जोडपं अलिबागजवळ किहीमला समुद्रकाठच्या घरात जाऊन राहिलं. तिथे सुगरणींची वसाहत होती. सालिम अली तासन्‌तास घरटी न्याहाळत बसले. त्यातून कळलं ते गमतीचं होतं. खोपा विणतो तो नर. अर्धा झाला की मादी येऊन तपासते, पसंत पडला तरच नांदते. मग नर दुसरा खोपा विणायला घेतो, दुसऱ्या मादीसाठी. आपण मराठीत सारं श्रेय सुगरणीला देऊन मोकळे झालो होतो! रोज डोळ्यांसमोर असलेल्या पाखराची ही ओळख बेकारीच्या दिवसांत झाली आणि तिनंच त्यांचं नाव केलं.

मग त्यांनी पक्ष्यांच्या पाहणीचं काम मागितलं. पगार नको, प्रवासाचा आणि मुक्कामाचा खर्च तेवढा द्या, अशी तयारी दाखवली. १९३१-३२ साली हैदराबाद संस्थानची पाहणी झाली. आमच्या दक्षिणेला पैनगंगा ओलांडली की आदिलाबाद. ते तेव्हा निजामाच्याच राज्यात होतं. तहमीना रानातल्या मुक्कामांवरही त्यांच्या बरोबर असत. १९३९ साली एका छोट्या शस्त्रक्रियेनंतर त्या गेल्या. या घावातून सावरत त्यांनी स्वतःला कामात गाडून घेतलं. १९४१ साली त्यांचं भारतीय पक्ष्यांवरचं इंग्रजी पुस्तक आलं आणि सामान्य माणसाच्या हाती पाखरं ओळखायची किल्ली पडली.

त्या पुस्तकाची एक जुनी प्रत आमच्या घरी आहे. पक्षी केवढा, तर चिमणीएवढा, मैनेएवढा की कावळ्याएवढा? रंग कुठे, शेपूट कशी, राहतो कुठे, खातो काय? सगळं माहितीतल्या वस्तूपासून सुरू होतं. त्या रात्री मी तेच केलं. काठ्या खाली ठेवायला लावल्या आणि सगळ्यांना नीट बघायला सांगितलं. आकार मांजराएवढा, पण शेपूट जवळपास अंगाएवढी लांब. अंग करडं, पाय काळे, तोंडावर काळा बुरखा. बिबट्याच्या पिल्लाचे ठिपके नाहीत, गोल तोंड नाही. शेपटीवर कडी असती तर जवादी मांजर म्हटलं असतं, तीही नव्हती. तेवढ्यात जवळच्या पोडावरचे एक कोलाम आजोबा पुढे आले. हा शिंदीच्या झाडावर रस प्यायला येतो, याच्या विष्ठेत फळांच्या बिया असतात, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. उदमांजर, म्हणजेच कांडेचोर! फळं आणि उंदीर खाणारा, बिया रानभर पसरवणारा. दार उघडं ठेवून आम्ही दिवे मालवले. पहाटेपर्यंत पाहुणा निघून गेला होता.

सालिम अलींनी पुढे अमेरिकी पक्षितज्ज्ञ रिप्ले यांच्याबरोबर भारतीय उपखंडातल्या पक्ष्यांचा दहा खंडांचा ग्रंथ लिहिला. तो १९६८ ते १९७४ या काळात प्रसिद्ध झाला. १९७६ साली पद्मविभूषण मिळालं, १९८५ साली राज्यसभेत नेमणूक झाली. त्याच वर्षी आलेल्या आत्मचरित्राचं नाव त्यांनी त्या चिमणीवरूनच ठेवलं. २० जून १९८७ रोजी, नव्वदाव्या वर्षी, ते मुंबईत वारले.

२०२०पासून महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह पाळला जातो. पहिला दिवस आपल्या मारुती चितमपल्लींच्या जन्माचा, शेवटचा सालिम अलींच्या. या दिवसांत मुलांना पाखरांची नावं जरूर शिकवावीत. पण एखादं पोर हातात काही घेऊन आलं आणि हे काय म्हणून विचारू लागलं, तर त्याच्यावर खेकसू नये. उत्तर येत नसेल तर तसं सांगावं आणि ज्याला येतं त्याच्याकडे त्याला घेऊन जावं.

आमच्या माळ्यावरची दोन कवेलं अजून सरकलेलीच आहेत. पावसाळ्याआधी ती बसवायला हवीत, असं घरचे रोज बजावतात.