विश्लेषण : कॉलेज सुटले, तरी पदवी मिळवली! केवळ परीक्षा देऊन बी.एस्सी. झालेले एच. जी. वेल्स कोण होते?

शेवटच्या वर्षाला एखादा विषय राहतो, फीचे पैसे संपतात, घरासाठी नोकरी धरावी लागते आणि पदवी अर्धवट राहून जाते. अशी उदाहरणे आपल्या आसपास भरपूर आहेत. यातून वाट काढण्यासाठी आज मुक्त विद्यापीठे, ऑनलाइन अभ्यासक्रम, श्रेयांक हस्तांतरण असे पर्याय आहेत. पण वर्गात न बसता, केवळ परीक्षा देऊन पदवी मिळवण्याची सोय या सगळ्यांपेक्षा जुनी आहे. ‘द टाइम मशीन’ आणि ‘द इन्व्हिजिबल मॅन’ लिहिणारे हर्बर्ट जॉर्ज वेल्स हे याच वाटेने पदवीधर झाले. त्यांच्या या खटपटीची ही गोष्ट.

घरची परिस्थिती कशी होती?

वेल्स यांचा जन्म २१ सप्टेंबर १८६६ रोजी इंग्लंडमधील केंट परगण्यातील ब्रॉम्ली येथे झाला. वडील जोसेफ यांचे चिनीमातीची भांडी आणि क्रिकेटचे साहित्य विकणारे दुकान होते. ते फारसे चालत नसे. जोसेफ स्वतः व्यावसायिक क्रिकेटपटू होते. केंटकडून खेळताना १८६२ मध्ये त्यांनी सलग चार चेंडूंवर चार बळी घेतले होते. क्रिकेटमधून थोडीफार कमाई होत असे, पण १८७७ मध्ये मांडीचे हाड मोडले आणि तीही थांबली. आई सारा यांनी ससेक्समधील अपपार्क या जमीनदाराच्या वाड्यात घर सांभाळण्याची नोकरी धरली.

मुलाने कापडाच्या दुकानात काम शिकावे, असे आईला वाटत होते. वेल्स विंडसरच्या दुकानात टिकले नाहीत. त्यानंतर थोडे दिवस शाळेत आणि औषधाच्या दुकानात उमेदवारी झाली. मग त्यांना साउथसी येथील मोठ्या कापड दुकानात कराराने ठेवण्यात आले. दिवसाला १३ तास काम आणि रात्री इतर पोरांसोबत सामायिक खोलीत झोपणे, असे ते आयुष्य होते. दोन वर्षांनी, १८८३ मध्ये, त्यांचा धीर सुटला. एका रविवारी ते १७ मैल चालत आईकडे गेले आणि आता हे काम जमणार नाही, असे सांगून आले. करारापोटी आईने पैसे भरले होते, त्यामुळे हा निर्णय घराला महाग पडणारा होता.

पहिली संधी परीक्षेनेच कशी दिली?

मिडहर्स्ट येथील शाळेचे मुख्याध्यापक होरेस बायट यांनी त्यांना मदतनीस शिक्षक म्हणून घेतले. त्या काळात ब्रिटिश सरकारचा विज्ञान व कला विभाग देशभर विज्ञानाच्या परीक्षा घेत असे. जितके विद्यार्थी उत्तीर्ण होतील, त्यानुसार शिक्षकाला अनुदान मिळे. बायट यांनी कागदोपत्री संध्याकाळचे वर्ग सुरू केले. प्रत्यक्षात वेल्स एकटेच पाठ्यपुस्तके घेऊन बसत, वाचत आणि परीक्षा देत. मुख्याध्यापकांना अनुदान मिळाले, वेल्स यांना गुण.

हे गुण इतके चांगले होते की लंडनच्या साउथ केन्सिंग्टनमधील नॉर्मल स्कूल ऑफ सायन्स या संस्थेत त्यांना मोफत जागा मिळाली. सोबत आठवड्याला एक गिनी, म्हणजे २१ शिलिंग विद्यावेतन. १८८४ मध्ये ते तेथे दाखल झाले. पहिल्या वर्षी जीवशास्त्र शिकवायला होते थॉमस हक्सले, डार्विनच्या सिद्धान्ताचे सर्वांत मोठे पाठीराखे. दुकानात कापड मोजणारा मुलगा वर्षभरात हक्सले यांच्या प्रयोगशाळेत पोहोचला होता.

मग गाडी कुठे अडली?

पहिले वर्ष उत्तम गेले. पुढची दोन वर्षे मात्र घसरण झाली. भौतिकशास्त्र आणि भूगर्भशास्त्राच्या तासांना त्यांचे मन लागेना. वादविवाद मंडळ, समाजवादी सभा आणि विद्यार्थ्यांचे नियतकालिक यांत वेळ जाऊ लागला. १८८७ मध्ये भूगर्भशास्त्राच्या अंतिम परीक्षेत ते नापास झाले. विद्यावेतन बंद झाले. आजच्या भाषेत सांगायचे तर शेवटच्या वर्षाला विषय राहिला आणि पुन्हा बसायला पैसे उरले नाहीत.

त्यांनी वेल्समधील एका लहान निवासी शाळेत नोकरी धरली. तेथे फुटबॉल खेळताना जबर मार बसला आणि मूत्रपिंडाला इजा झाली. पाठोपाठ खोकल्यातून रक्त पडू लागले. त्या काळी याचा अर्थ क्षय असाच लावला जाई. विशीच्या उंबरठ्यावरचा हा तरुण पदवी नाही, नोकरी नाही, प्रकृती नाही अशा अवस्थेत आईच्या मालकिणीच्या वाड्यात अंथरुणाला खिळला. १८८८ मध्ये ते लंडनला परतले, तेव्हा मित्रासाठी जीवशास्त्राचे तक्ते काढून देण्यासारख्या किरकोळ कामांवर गुजराण चालली होती.

लंडन विद्यापीठाचा नियम काय होता?

वेल्स यांना वाचवले ते ३० वर्षांपूर्वी झालेल्या एका बदलाने. लंडन विद्यापीठ १८३६ मध्ये स्थापन झाले ते शिकवण्यासाठी नव्हे, तर परीक्षा घेऊन पदव्या देण्यासाठी. सुरुवातीला त्यासाठी ठरावीक महाविद्यालयात शिकल्याचा दाखला लागत असे. १८५८ च्या नव्या सनदेने वैद्यकीय शिक्षण वगळता ही अट काढून टाकली. तुम्ही कुठे शिकलात, कोणाकडे शिकलात, शिकवणी लावली की घरी पुस्तके वाचली, हे विद्यापीठ विचारत नसे. शुल्क भरा, प्रवेश परीक्षा, मधली परीक्षा आणि अंतिम परीक्षा एकेक करून उत्तीर्ण व्हा आणि पदवी घ्या. १८६५ मध्ये तर मॉरिशसमध्येही परीक्षा झाली. १८७८ पासून स्त्रियांनाही या पदव्या खुल्या झाल्या.

याचा आपल्याशी थेट संबंध आहे. १८५७ मध्ये मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथे विद्यापीठे स्थापन झाली ती लंडनच्याच नमुन्यावर. तीही मुळात परीक्षा घेणारी विद्यापीठे होती. फरक इतकाच, की लंडनने पुढच्याच वर्षी महाविद्यालयाची अट सोडली आणि आपल्याकडे संलग्न महाविद्यालयांची चौकट कायम राहिली.

वेल्स यांनी पदवी कशी पूर्ण केली?

जानेवारी १८८९ मध्ये त्यांना लंडनच्या किलबर्न भागातील हेन्ली हाउस शाळेत शिक्षकाची नोकरी मिळाली. शाळेचे चालक जे. व्ही. मिल्न हे ‘विनी द पू’ लिहिणाऱ्या ए. ए. मिल्न यांचे वडील. छोटा मिल्नही तेथेच शिकत होता. दिवसा वर्ग आणि उरलेल्या वेळात स्वतःचा अभ्यास, असा क्रम सुरू झाला.

१८८९ मध्ये वेल्स मधली परीक्षा उत्तीर्ण झाले. त्याच सुमारास शिक्षकांसाठीच्या कॉलेज ऑफ प्रिसेप्टर्स या संस्थेची पदविकाही त्यांनी परीक्षा देऊन मिळवली. १८९० मध्ये अंतिम परीक्षा झाली आणि ते बी.एस्सी. झाले. प्राणिशास्त्रात पहिल्या वर्गाचे ऑनर्स आणि दुसऱ्या वर्गाचे ऑनर्स भूगर्भशास्त्रात. तीन वर्षांपूर्वी ज्या विषयाने त्यांना बाहेर काढले होते, तोच हा विषय.

ही पदवी दुय्यम मानली गेली का? नाही. त्या काळात लंडन विद्यापीठात ‘नियमित’ आणि ‘बहिःस्थ’ असा भेदच नव्हता. महाविद्यालयात तीन वर्षे बसलेला आणि घरी अभ्यास केलेला, दोघांनाही तीच प्रश्नपत्रिका आणि तेच पदवीपत्र मिळे. बहिःस्थ विद्यार्थी असा वेगळा गट १९०० च्या पुनर्रचनेनंतर आला.

पदवीचा उपयोग काय झाला?

लंडनच्या परीक्षांमुळे एक नवा व्यवसाय उभा राहिला होता, टपालाने शिकवणीचा. विल्यम ब्रिग्ज यांचे युनिव्हर्सिटी करस्पॉन्डन्स कॉलेज त्यात आघाडीवर होते. वेल्स तेथे जीवशास्त्राचे शिक्षक झाले. उत्तरपत्रिका तपासणे, टिपणे तयार करणे आणि प्रात्यक्षिकासाठी येणाऱ्यांना मोजक्या तासांत विच्छेदन शिकवणे, हे त्यांचे काम. याच शिकवण्यातून १८९३ मध्ये त्यांचे जीवशास्त्राचे पाठ्यपुस्तक निघाले. म्हणजे स्वबळावर पदवीधर झालेल्या माणसाचे पहिले महत्त्वाचे पुस्तक स्वबळावर शिकणाऱ्यांसाठी होते.

त्याच वर्षी प्रकृतीने पुन्हा दगा दिला आणि शिकवणे सोडावे लागले. वेल्स लेखनाकडे वळले. १८९५ मध्ये ‘द टाइम मशीन’, १८९७ मध्ये ‘द इन्व्हिजिबल मॅन’ आणि १८९८ मध्ये ‘द वॉर ऑफ द वर्ल्ड्स’ प्रसिद्ध झाले. पुढचे जगाला माहीत आहे.

या वाटेच्या मर्यादा कोणत्या?

वेल्स यांचे यश पाहताना दोन गोष्टी विसरता येत नाहीत. एक, त्यांनी शून्यातून सुरुवात केली नव्हती. प्रयोगशाळेतील तीन वर्षांची बैठक आणि हक्सले यांची शिकवण पाठीशी होती. परीक्षेने त्या शिक्षणाला शिक्का दिला. दोन, केवळ परीक्षेवर उभी असलेली पद्धत घोकंपट्टीकडे झुकते. टपाली शिकवणीचा भर जुन्या प्रश्नपत्रिकांवर होता. वेल्स स्वतः त्या यंत्रणेत होते आणि पुढे तिच्यावर त्यांनी टीकाही केली.

आज आपल्याकडे काय पर्याय आहेत?

नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आणि ‘इग्नू’ १९८५ पासून नोकरी करणाऱ्यांना पदवीची संधी देत आहेत. दहावी-बारावीसाठी १७ नंबरचा अर्ज भरून खासगीरीत्या परीक्षा देता येते. ‘स्वयम्’ या सरकारी मंचावर अभ्यासक्रम मोफत आहेत, प्रमाणपत्राच्या परीक्षेसाठी शुल्क लागते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या नियमांनुसार एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत श्रेयांक ‘स्वयम्’मधून घेता येतात. अमेरिकेत १९६७ पासून ‘क्लेप’ परीक्षा आहेत. त्यात उत्तीर्ण झाल्यास अनेक महाविद्यालये तो विषय शिकलेला धरतात. लंडन विद्यापीठाची दूरशिक्षणाची सोयही सुरूच आहे.

मात्र पैसे भरण्याआधी दोन गोष्टी तपासायलाच हव्यात. संस्थेला दूरशिक्षणाची मान्यता आहे का? आणि मिळवलेले श्रेयांक आपले विद्यापीठ धरणार आहे का? याचे उत्तर लेखी घ्यावे.

वेल्स यांनी परीक्षा देणे शेवटपर्यंत सोडले नाही. दुसरे महायुद्ध सुरू असताना, वयाची पंचाहत्तरी उलटल्यावर, त्यांनी त्याच लंडन विद्यापीठाला प्रबंध सादर केला आणि डी.एस्सी. मिळवली. १३ ऑगस्ट १९४६ रोजी त्यांचे निधन झाले.