धातुविज्ञानी ब्रह्म प्रकाश : अणुइंधनाकडून अग्निबाणांकडे

नवी दिल्ली : भारताच्या अणुकार्यक्रमाचा इतिहास बहुधा होमी भाभांपाशीच थांबतो, अणुभट्टीला लागणारे धातू देशात घडविणारे डॉ. ब्रह्म प्रकाश मात्र विस्मृतीत गेले.

1912 मध्ये लाहोर येथे जन्मलेल्या ब्रह्म प्रकाश यांनी अमेरिकेतील एमआयटीमध्ये धातुविज्ञानाचे उच्च शिक्षण घेतले. 1951 मध्ये ते बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत या विभागाचे पहिले भारतीय प्रमुख झाले. पुढे मुंबईतील ट्रॉम्बे येथे त्यांच्या नेतृत्वाखाली युरेनियमच्या इंधनकांड्या तयार होऊ लागल्या.

खरी कसोटी झिर्कोनियमची होती. केरळच्या सागरी वाळूतील झिर्कॉन या खनिजापासून तो मिळतो. परंतु त्यात मिसळलेले हाफ्नियम न्यूट्रॉन शोषून घेते, आणि इंधनाच्या आवरणात ते राहिल्यास साखळी अभिक्रिया मंदावते. रासायनिकदृष्ट्या जुळी म्हणावीत अशी ही मूलद्रव्ये विलग करण्याचे तंत्र देशात विकसित झाले आणि हैदराबादच्या अणुइंधन संकुलात त्याला औद्योगिक रूप मिळाले. या संकुलाच्या उभारणीची धुरा ब्रह्म प्रकाश यांच्याकडेच होती.

वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचा भटनागर पुरस्कार त्यांना 1963 मध्ये, तर पद्मभूषण 1968 मध्ये मिळाले. 1972 मध्ये, वयाच्या साठीत, त्यांनी तिरुवनंतपुरमच्या विक्रम साराभाई अंतराळ केंद्राचे संचालकपद स्वीकारले. एसएलव्ही-3 अग्निबाणाची जडणघडण त्यांच्याच कार्यकाळात झाली. 1984 मध्ये त्यांचे निधन झाले.