अद्भुत पेटी

मार्गारेट लोवेनफेल्ड यांचा जन्म १८९० साली लंडन शहरी एका सधन कुटुंबात झाला. वडील मूळचे पोलंडचे. घरात कशाची वाण नव्हती. परंतु आईवडिलांचे पटेना आणि पुढे ते विभक्त झाले. प्रकृतीने नाजूक असलेल्या मार्गारेटचे बालपण उदासवाणे गेले.

१९१८ साली त्या डॉक्टर झाल्या. पहिले महायुद्ध संपल्यावर त्या पोलंडमध्ये सेवेसाठी गेल्या. तेथे लढाई अद्याप शमली नव्हती आणि टायफसच्या साथीने कहर केला होता. भूक आणि भय यांनी तेथील कित्येक मुले खचून गेली होती. काही मात्र त्याच संकटातून सावरत होती. असे का व्हावे, हा विचार मार्गारेटबाईंच्या मनातून जाईना.

पाय दुखला, तर मूल बोट दाखवून सांगते. मन दुखले, तर त्याने बोट कोठे दाखवावे? मोठ्या माणसांनाही जेथे शब्द सापडत नाहीत, तेथे बालकांची काय कथा! वेल्स या लेखकाने मुलांच्या जमिनीवरील खेळांविषयी १९११ साली एक पुस्तक लिहिले होते. ते बाईंना आठवले. १९२८ साली त्यांनी लंडनमध्ये दुःखी व हट्टी मुलांसाठी एक चिकित्सालय उघडले आणि तेथे औषधांच्या बाटल्यांऐवजी खेळण्यांनी भरलेली पेटी ठेवली. मुलांनी तिचे नाव ठेवले 'अद्भुत पेटी'.

पुढे तेथे जस्ताच्या पसरट तबकांत वाळू आणि जवळच पाणी ठेवण्यात आले. मुलांनी आपण होऊन पेटीतील घरे, माणसे, पशू, कुंपणे वाळूत मांडली व त्या मांडणीला ती 'जग' म्हणू लागली. ही युक्ती आपली नव्हे, मुलांची, असे बाई मोकळेपणाने सांगत. एखादे मूल घर पुनःपुन्हा वाळूत पुरी. एखादे सर्व प्राण्यांना कोंडून ठेवी. बाई शेजारी बसून पाहत, त्या जगाचे चित्र काढून ठेवीत आणि मुलालाच त्याविषयी विचारीत. आपला अर्थ त्याच्यावर लादणे त्यांना मुळीच मान्य नव्हते. त्या काळच्या काही विद्वानांशी त्यांचा याच मुद्द्यावर मतभेद होता.

१९३५ साली त्यांनी बालपणातील खेळावर ग्रंथ लिहिला. १९५६ मध्ये स्वित्झर्लंडच्या डोरा काल्फ त्यांच्याकडे शिकण्यास आल्या. त्यांनी मायदेशी ही पद्धत आपल्या परीने वाढविली. १९७३ साली मार्गारेटबाई निवर्तल्या. आज अनेक देशांत मुलांप्रमाणेच प्रौढ स्त्रीपुरुषही मनातील व्यथा हलकी करण्यासाठी वाळूच्या तबकापुढे बसतात आणि इवलीशी घरे मांडतात.