रघुनाथराव कर्वे : बाबासाहेबांचे अशील

महर्षी धोंडो केशव कर्वे शाळेच्या पुस्तकात आहेत. त्यांचे थोरले चिरंजीव रघुनाथराव (1882–1953) मात्र पुस्तकाबाहेरच राहिले. गणिताच्या या प्राध्यापकाने 1921 साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले. विल्सन कॉलेजने नोकरी की हे काम, असा पेच टाकला. 1925 मध्ये त्यांनी नोकरी सोडली. पत्नी मालतीबाई खंबीरपणे पाठीशी राहिल्या. दोघांनी स्वतःला मूल होऊ दिले नाही.

जुलै 1927 पासून मरेपर्यंत त्यांनी 'समाजस्वास्थ्य' चालवले. सनातन्यांनी अश्लीलतेचा खटला भरला. 1931 साली 100 रुपये दंड झाला. 1934 मध्ये दुसरा खटला उभा राहिला. या वेळी गुन्हा काय, तर घरात विचारता येत नाहीत असे लैंगिक प्रश्न वाचकांनी विचारले आणि रघुनाथरावांनी शास्त्रीय उत्तरे छापली!

हे वकीलपत्र बाबासाहेबांनी घेतले. गोलमेज परिषद आणि पुणे करार होऊन गेलेले, शत्रू काही कमी नव्हते. या खटल्यातून मते मिळणार नव्हती की टाळ्या. लैंगिक विषयावर लिहिले म्हणजेच अश्लील ठरत नाही, ही त्यांची बाजू. खटला हरला, 200 रुपये दंड झाला. (वकिलीत आम्ही जिंकलेलेच खटले मोजतो!) बाबासाहेबांनी विषय सोडला नाही. 10 नोव्हेंबर 1938 रोजी स्वतंत्र मजूर पक्षाचे प्रभाकर रोहम यांनी मुंबई विधानसभेत संततिनियमनाचा ठराव मांडला. सभागृहाने तो फेटाळला.

आज तांबी सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. तीन महिने पुरणारे 'अंतरा' इंजेक्शनही 2017 पासून आले. पण उल्हासनगरच्या कॅम्पातली किंवा अंबरनाथच्या चाळीतली सतरा वर्षांची मुलगी ते मागायला जाईल काय? आधी आईची भीती, मग शेजारणीची. त्यात 2012 च्या पॉक्सो कायद्याचे कलम 19 : अठराखालील मुलीचा संबंध कळला की डॉक्टरने पोलिसांना कळवायचे, नाहीतर शिक्षा. म्हणून डॉक्टरही तिला टाळतो. कायदा हवाच, 2024 मध्ये बदलापूरकर शाळेतल्या चिमुरड्यांसाठी रुळांवर उतरले, ते कोण विसरेल? परंतु लांडग्यासाठी लावलेल्या सापळ्यात सल्ला मागणारी पोर अडकते आहे. 2022 साली सर्वोच्च न्यायालयाने गर्भपातापुरती मुलीचे नाव न कळवण्याची मुभा डॉक्टरांना दिली. म्हणजे दिवस गेल्यावर नाव झाकायचे, दिवस जाऊ नयेत म्हणून आलेलीचे मात्र नाही. ही मुभा गर्भनिरोधनालाही मिळावी, म्हणून आमच्या वकील बांधवांनी याचिका घालायला हवी.