माउलींच्या दारातली पायरी

आळंदीला समाधिमंदिराच्या महाद्वारात शिरताना प्रत्येक वारकऱ्याचा हात आधी खाली जातो. ती पायरी श्रीगुरू हैबतबाबांची. आपली दिंडी शंभर वर्षं ज्या वाटेनं चालली, ती शिस्तीची वाट या पुरुषाने घालून दिली. म्हणून या अंकात त्यांचं चरित्र यायलाच हवं.

हैबतराव पवार हे सातारा भागातल्या आरफळचे. घराणं लढवय्यांचं. ग्वाल्हेरला शिंद्यांच्या पदरी ते सरदार होते. तिथे पैसा कमावला, मान मिळवला आणि उतारवयाकडे झुकल्यावर चीजवस्तू घेऊन गावाकडे निघाले. सातपुड्याच्या रानात भिल्लांनी त्यांना लुटलं आणि सोबत्यांसह गुहेत कोंडून तोंडावर शिळा लोटली. परंपरा सांगते ती अशी, की तलवार गेली, धन गेलं, तेव्हा जवळ उरला फक्त हरिपाठ. अन्नपाण्यावाचून तो अखंड चालू ठेवला. एकविसाव्या दिवशी नाईकाच्या घरी मुलगा झाला, त्या आनंदात शिळा बाजूला झाली आणि आत बाबा भजन करताना दिसले. चमत्कार मानायचा की नाही ते ज्याचं त्यानं ठरवावं. मला मोठी वाटते ती पुढची गोष्ट. सुटका झालेला माणूस घरी जाऊन सुखाने बसला असता. बाबा आळंदीला आले आणि माउलींच्या पायाशी राहिले ते कायमचे. रोज रात्री शेजारतीपर्यंत समाधीपुढे भजन, हाच त्यांचा संसार.

वारी तर त्यांच्या आधीपासूनच होती. तुकोबारायांचे चिरंजीव नारायणमहाराज यांनी 1685 साली देहूहून पालखी सुरू केली. तुकोबांच्या पादुका आळंदीला आणायच्या आणि माउलींच्या पादुकांसह एकाच पालखीतून पंढरीला न्यायच्या, असा तो क्रम होता. पुढे हक्कांवरून वाद झाले. अशा वेळी बाबांनी 1832 च्या सुमारास माउलींचा सोहळा वेगळा काढला. अंकलीच्या शितोळे सरकारांनी घोडे, तंबू आणि नैवेद्याची जबाबदारी घेतली. वासकरांसारखे फडकरी सोबत उभे राहिले. अंकलीचे अश्व आजही प्रस्थानाला ज्येष्ठ वद्य अष्टमीस मंदिरात येतात, हे आपण दरवर्षी बघतोच.

शिपाईगडी असल्यानं बाबांना ठाऊक होतं, की हजारो माणसं नुसत्या भावावर चालत नाहीत. कोणती दिंडी रथापुढे, कोणती मागे, कुणाच्या भजनानंतर कुणाचं भजन, मुक्काम कसा टाकायचा, सगळं ठरलं. रथापुढच्या 27 दिंड्यांत एक पाऊल पुढेमागे होत नाही. लष्कराची शिस्त त्यांनी टाळकऱ्यांच्या हाती दिली, आणि गंमत अशी, की हुकूम कुणावरच चालवला नाही.

या शिस्तीचा अर्थ मला समजला तो समाजआरतीला. चोपदारांचा दंड वर झाला, की तळावर टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता होते. फक्त ज्या दिंडीची तक्रार असेल तिचे टाळ वाजत राहतात. एका साली आपलेच टाळ वाजत राहिले होते. पाण्यावरून शेजारच्या दिंडीशी दुपारी बोलाचाली झाली होती. चोपदार आले, उभ्या-उभ्या दोन्हीकडचं ऐकलं, तोड काढली आणि आमचे टाळ थांबले. आरती झाली. रात्री त्याच शेजाऱ्यांनी आमच्या पंगतीला भाकरी आणून वाढल्या. कज्जा मिटायला घटकाही लागली नाही. घरच्या बांधाचा वाद मात्र आम्ही वर्षानुवर्षं चालवतो!

1836 साली बाबांनी देह ठेवला. समाधी कुठं असावी? सरदार माणूस, सोहळ्याचा मालक, जागा आत कुठंही मिळाली असती. मिळाली ती दारात, पायरीखाली. माउलींच्या दर्शनाला येणाऱ्यांच्या पायाची धूळ रोज आपल्यावर पडावी, एवढीच त्यांची हौस. कार्तिक वद्य अष्टमीला या पायरीचं पूजन झालं, की संजीवन समाधी सोहळा सुरू होतो. म्हणजे मालकाच्या उत्सवाला आधी सेवकाची परवानगी.

आपल्या दिंडीतली जुनी माणसं त्या पायरीवर पाय देत नसत. हात लावून, तोच हात कपाळाला लावून, मोठी ढांग टाकून पलीकडे जात. आता मागून रेटा इतका असतो की वाकायलाही सवड होत नाही. यंदा प्रस्थानाला आत जाताना नव्या पोरांनी तेवढं जपावं: पुढच्याला ढकलू नये, आणि मागची म्हातारी वाकेपर्यंत थांबावं.